बेताचा समुद्र

रीफ टाकीसमोर उभा राहिलेला माणूस आधी मासे बघतो, मग रंग बघतो आणि मग किंमत विचारतो. त्यात गैर काही नाही. पण टाकीची खरी गोडी लागायची असेल तर नजर आधी पाण्यावर जावी. न्यू जर्सीत एका स्नेह्याच्या दिवाणखान्यात भिंतीत बसवलेली एक टाकी मी काही वर्षं जाऊन-येऊन पाहतो आहे. ८ फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट उंच. ४० घनफूट, म्हणजे सुमारे ११३० लिटर. तिच्याविषयी पहिलं सांगायचं ते हे, की तिच्यात पाणी आहे असं वाटतच नाही. प्रवाळ हवेत उगवल्यासारखे दिसतात आणि मासे कशाच्याही आधाराशिवाय तरंगतात.

हे निवळशंख पाणी नुसतं देखणं नाही, ते कंगाल आहे. उष्ण कटिबंधातल्या समुद्राचं पाणी स्वच्छ दिसतं, कारण त्यात खाण्याजोगं फारसं काही नसतं. नायट्रेट आणि फॉस्फेट जवळजवळ नसल्यातच जमा. आणि नेमक्या अशा पाण्यात पृथ्वीवरच्या सर्वांत गजबजलेल्या वस्त्यांपैकी एक उभी राहते. या कोड्याला ‘डार्विनचा विरोधाभास’ म्हणतात. उत्तराचा मोठा भाग प्रवाळाच्या अंगातच आहे. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल मुक्कामाला असतं. ते प्रकाशावर साखर करतं, त्यातली बरीचशी यजमानाला देतं, आणि यजमान जे टाकून देतो ते स्वतःसाठी खत म्हणून घेतं. देवाणघेवाण घरातल्या घरात चालते, बाहेर फारसं काही सांडत नाही.

घरातल्या टाकीत हा मेळ बसवणं अवघड, कारण तिथे मासे आहेत आणि त्यांना दिवसातून दोन-तीनदा खाऊ घालावं लागतं. टाकी सतत श्रीमंत होऊ पाहते आणि मालकाला तिला गरिबीत ठेवायचं असतं. बरं, अगदी दरिद्री करूनही चालत नाही. नायट्रेट लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास, फॉस्फेट ०.०५च्या आसपास; इतकं असावं, याहून फार उरू नये. माझ्या मते या टाकीची सगळी कारागिरी या बेतात आहे. दगड, दिवे, पंप, मासे यांची निवड तिथूनच समजत जाते.

आधी दगड पाहा. नवखा मालक मागच्या काचेला टेकवून दगडांची भिंत रचतो आणि तिच्यावर दुकानासारखे प्रवाळ मांडतो. इथे दोन बेटं आहेत. मोठं डावीकडे, मध्यापासून सरकवलेलं. धाकटं उजवीकडे, ठेंगणं. मधून वाळूची वाट मागे वळत नाहीशी होते, आणि अडीच फुटांची रुंदी चार फुटांची भासते. दगड कुठेही काचेला लागलेले नाहीत. हे दिसायला सुरेख आहे, पण कारण व्यवहारातलं: काच घासायचं चुंबक चारी बाजूंनी फिरलं पाहिजे आणि दगडांच्या मागून पाणी वाहिलं पाहिजे. जिथे पाणी अडतं तिथे घाण बसते, आणि घाण बसली की कंगालीचा बेत त्या कोपऱ्यापासून मोडायला लागतो. सुंदर दिसणारी मोकळी जागा आणि उपयोगी मोकळी जागा इथे एकच आहे. मला या टाकीत सर्वांत जास्त आवडतं ते हे.

बेटांवरही मोकळी जागा राखलेली आहे. सुरुवातीला ती खुपायची. अंगठ्याएवढे प्रवाळाचे तुकडे सुपरग्लूने दगडावर चिकटवलेले आणि मध्ये वीत-वीत उघडा दगड. पैसे संपले की काय, असं पाहुण्यांना वाटे. पण प्रवाळ शांत दिसला तरी शेजारधर्म पाळणारा प्राणी नाही. दिवसा टपोऱ्या बोटांनी डुलणारी युफायलिया रात्री लांबलचक दंशतंतू सोडते आणि आवाक्यात येईल त्याला भाजून काढते. मऊ प्रवाळ पाण्यात रसायनं सोडून शेजाऱ्याची वाढ रोखतात. त्या उघड्या दगडांवर उद्याच्या सरहद्दी आखलेल्या होत्या. आता अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या एकमेकींपासून चार बोटांवर येऊन ठेपल्या आहेत आणि तो आराखडा किती आधी केला होता ते कळतं. वाढून झालेले मोठे प्रवाळ विकत आणून एका रविवारात ‘तयार’ केलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत. त्यांत फुलदाणीत खोचल्यासारखे प्रवाळ असतात. दगडावर पसरत गेलेला तळवा, प्रवाहाकडे किंचित झुकलेली फांदी, हे त्यांत नसतं.

प्रकाशाबाबत माझा थोडा दुराग्रह आहे, तो सांगून टाकतो. हल्लीच्या एलईडी दिव्यांचा निळा रंग पूर्ण चढवला की प्रवाळातली प्रदीप्त प्रथिनं हिरवी-नारिंगी पेटतात. छायाचित्रं झकास येतात आणि टाकी मात्र वऱ्हाडाच्या बसमधल्या रोषणाईसारखी दिसते. निळ्याला शास्त्रीय आधार आहे. पाण्यात खोल जाताना लाल प्रकाश आधी मरतो, निळा टिकतो, आणि झूझँथेलीलाही निळा चालतो. पण उथळ रीफवरचं दुपारचं ऊन पांढरं असतं. या टाकीत सकाळ-संध्याकाळ निळी आणि मधले पाच-सहा तास स्वच्छ पांढरे आहेत. त्या पांढऱ्यात प्रवाळांचे खरे रंग दिसतात: मातकट गुलाबी, मधासारखा तपकिरी, टोकांना फिकट जांभळा. पेनस्टेट विद्यापीठातले इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक संजय जोशी यांनी एकेक दिवा मापून त्याचे आकडे हौशी लोकांपुढे ठेवले, तेव्हापासून या विषयात निदान वाद घालायला मोजमाप आलं. रुचीचा प्रश्न आहे तिथेच आहे.

माशांबद्दल थोडक्यात. नारिंगी अँथियासचा थवा आहे, त्यात एकच जांभळट नर. तो गेला तर माद्यांतली एक नर होते. क्लाउनफिशच्या जोडीत याच्या उलटं: मोठी ती मादी, आणि ती मेली तर नर मादी होतो. एकाच काचेत दोन्ही संसार चालू आहेत. पिवळे टँग दिवसभर दगडावरचं शैवाल खुडतात. त्यांची टाकीत पैदास करणं फार काळ जमत नव्हतं. हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये ते जमवलं. समुद्रात सायनाइड फवारून मासे पकडण्याचा फिलिपीन्समधला इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला पैदाशीचा मासा अधिक देखणा वाटतो, निदान मला तरी.

आता जिना उतरून तळघरात जाऊ. टाकीचा निम्मा भाग तिथे आहे, आणि पाहुणे तिथे जात नाहीत.

आधी वजन. पाणी, दगड, काच, चौकट मिळून दीड टनावर भार २० चौरस फुटांत उभा आहे. अमेरिकेतल्या घरांच्या लाकडी जमिनी साधारण चौरस फुटाला ४० पौंडांचा वापरभार धरून बांधतात. इथे त्याच्या चौपट पडतो. म्हणून टाकीच्या बरोबर खाली आडवी तुळई आणि पोलादी खांब दिलेले आहेत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचंही गणित फार वेगळं नाही. भारतीय मानकात राहत्या खोलीला चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. तेव्हा ‘भिंतीलगत ठेवू, काय होतंय’ म्हणण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला चहाला बोलवावं.

खांबांशेजारी संप, म्हणजे खालची टाकी. वरचं पाणी काठावरून दातेरी फटीत उतरतं, पाइपातून खाली येतं आणि पंपाने वर जातं. पाणी एक मजला उतरतं तर धबधब्याचा आवाज हवा, पण दिवाणखान्यात चिटपाखराचाही आवाज नाही. वहिनींनी सुरुवातीलाच बजावलं होतं म्हणे, “खळखळ ऐकू आली तर टाकी विकायची.” म्हणून उतरणाऱ्या पाइपात हवा शिरूच दिलेली नाही. खाली गेट व्हॉल्व्ह आवळून तो पाइप सतत पूर्ण भरलेला ठेवला आहे, आणि गोगलगायीने तो बुजवलाच तर पाणी जायला शेजारी दुसरा, उंच, कोरडा पाइप आहे. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी खाली यायला लागतं. या टाकीत पातळी १ इंच उतरली तर ४७ लिटर खाली येतात. तेवढी रिकामी जागा संपमध्ये कायम हवी. नव्या टाकीत पाणी भरल्यावर पहिलं काम प्लग उपटून बघण्याचं. हे न करणाऱ्यांच्या तळघरातले गालिचे मी पाहिले आहेत.

संपमध्ये प्रोटीन स्किमर घुमतो आहे. बारीक बुडबुड्यांच्या स्तंभाला पाण्यातले चिकट सेंद्रिय कण धरतात, फेस होऊन वर चढतात आणि पेल्यात साठतात. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढत राहतात, तसं हे अहोरात्र चालतं. पेल्यातला काळपट रस वासाने माणूस मागे हटेल असा असतो. मालकाला मात्र तो पाहून समाधान वाटतं, कारण तेवढी श्रीमंती पाण्यातून गेली.

ही मांडणी एका माणसाला सुचलेली नाही. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्रातले जिवंत दगड, ऊन, हवेचे बुडबुडे, बस्स. त्या काळी पाश्चात्त्य हौशी लोक वाळूखाली जाळ्या आणि मेलेल्या, धुतलेल्या प्रवाळांचे सांगाडे मांडत होते. ली यांच्या दगडांत सगळी यंत्रणा होती. पृष्ठभागावरचे जिवाणू माशांच्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. जकार्ताला समुद्र हाताशी होता. मध्य युरोपात तो नव्हता, तिथे सगळंच नळाच्या पाण्यातून आणि पोत्यातल्या मिठातून उभं करायचं होतं. तिथे पीटर विल्केन्स आणि बर्लिनच्या मंडळींनी जिवंत दगडाला जोरदार स्किमर, भरपूर प्रकाश आणि चुन्याची निवळी जोडली. बर्लिनच्याच डिट्रिख स्ट्यूबर यांच्या टाकीत दगडाबरोबर आलेला अ‍ॅक्रोपोरा वाढला, त्यांनी तो तोडून तोडून वाटला, आणि त्या एका प्रवाळाची कलमं युरोप-अमेरिकेतल्या टाक्यांत पसरली. आज क्लबांत चालणारी तुकड्यांची अदलाबदल त्याच वाटेने आली.

चुन्याच्या निवळीपाशी थोडं थांबतो, कारण बर्लिन पद्धतीतलं सर्वांत सुंदर वाक्य मला तिथे सापडतं. प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून सांगाडा बांधतात, त्यामुळे पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे हा कार्बोनेटचा साठा, रोज उतरते. या टाकीत ती दिवसाला साधारण १ डीकेएच (हे तिचं एकक) उतरते असं धरलं, तर हिशेबाने रोज २० ग्रॅम दगड तयार होतो. वर्षाला सात किलोंच्या वर. ही भर कुठून घालायची? दुसरीकडे, टाकीतून रोज दहा-बारा लिटर पाण्याची वाफ होते. मीठ मागे राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी लागते. विल्केन्स यांची युक्ती अशी, की ते गोडं पाणी चुन्यावर ठेवून वरची निवळीच भर म्हणून घालायची. संपृक्त निवळीच्या बारा लिटरमध्ये या टाकीची अल्कलिनिटी सव्वा डीकेएचने वर नेण्याची ताकद असते. गेलेलं पाणी परत येतं तेच उद्याचा दगड घेऊन. वरून ही निवळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाते, स्किमर नीट चालायला मदत करते आणि नको ते काही मागे ठेवत नाही. अट एवढीच, की ती थेंबाथेंबाने, शक्यतो रात्री सोडावी. तिचा पीएच १२च्या वर असतो. पंप अडकून एकदम सगळी गेली तर टाकी दुधासारखी पांढरी होते आणि सकाळी मासे तळाशी दिसतात.

बिघाड इथे टाळता येत नाहीत, ते वाचता आले पाहिजेत. पहिल्या महिन्यांतला तपकिरी साका हा डायटम. पाण्यातलं सिलिकेट संपलं की तो आपोआप जातो. त्याला हात लावणारा माणूस अधीर. नंतरचा लालसर, पापुद्र्यासारखा सोलून निघणारा थर सायनोबॅक्टेरियाचा, बहुधा मंद प्रवाहाच्या कोपऱ्यात. तिसरा प्रकार या टाकीत आला, दुसऱ्या वर्षी. वाळूवर आणि फांद्यांच्या टोकांवर तपकिरी, शेंबडासारखे धागे, प्रत्येकाच्या टोकाला हवेचा बुडबुडा. दुपारी भरात, दिवे गेले की विरळ. शैवाल खाणाऱ्या गोगलगायी एकामागून एक उलथून पडायला लागल्या.

डायटम समजून कोणीही करेल तेच स्नेह्याने केलं: खाऊ कमी, पाणी बदल, फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या दाण्यांची भर. धागे वाढले. मग त्याने शाळेतल्या मुलाचा सूक्ष्मदर्शक मागून आणला आणि एक थेंब पाहिला. तिळासारख्या पेशी एका टोकाने बांधल्यासारख्या गोल डोलत होत्या. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोफ्लॅजेलेट. चाचणी किट नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य दाखवत होतं, आणि ते पाहून तो आतापर्यंत खूश होता. शून्यावर या डायनोफ्लॅजेलेटचे सगळे प्रतिस्पर्धी, म्हणजे साधं शैवाल, जिवाणू, डायटम, उपाशी मरतात, आणि हे डायनो मोकळ्या मैदानात फोफावतात. उपाय उलटा निघाला. लोहाचे दाणे काढले, माशांचा खाऊ वाढवला, सोडियम नायट्रेट मोजून घातलं, फॉस्फेट ०.१वर आणलं. हे डायनो रात्री पाण्यात सुटतात म्हणून अल्ट्राव्हायोलेट दिवाही जोडला. काही आठवड्यांत काचेवर हिरवी धूळ धरली. ती पाहून आनंदणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. जात वेगळी निघाली असती, अ‍ॅम्फिडिनियमसारखी वाळूतच राहणारी, तर तो दिवा फुकट गेला असता. म्हणून आधी सूक्ष्मदर्शक, मग औषध.

त्या घटनेनंतर टाकीच्या दिसण्यात फरक पडला. आधीची टाकी चकचकीत होती, प्रवाळ फिकट, काचेसारखे. आता दगडांच्या सांध्यांत जांभळं कोरलाइन शैवाल आहे, फांद्यांवर रंगाचा लेप जाड आहे. थोडी घाण टाकीला मानवली.

हिवाळ्यात आणखी एक खूण दिसते. खिडक्या महिनोन्महिने बंद, घरात माणसांचा आणि गॅसच्या शेगडीचा कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि पाण्याचा पीएच ८.२वरून ७.९कडे सरकतो. स्किमर घरातलीच हवा ओढतो ना. स्नेह्याने स्किमरच्या हवेची नळी तळघराच्या खिडकीतून बाहेर काढली आणि आलेख वर आला. गणपतीत आरतीला घर भरतं, एसीसाठी दारं लावलेली असतात. त्या संध्याकाळचा खड्डा मोबाइलवरच्या आलेखात स्पष्ट दिसतो. सुखकर्ता सुरू झाल्याची वेळ त्यावरून सांगता येते, असं तो म्हणतो.

एवढं पाहून इकडे कोणाला हुरूप आला, तर कायदा आधी वाचावा. आपल्याकडे पोवळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. मालवणच्या किल्ल्यालगत पाण्यात दिसणारा प्रवाळ तिथेच पाहायचा. त्याचा नखाएवढा तुकडाही उचलायचा नाही. क्लाउनफिशची मात्र देशात पैदास होते, आणि समुद्री शैवाल व खाऱ्या पाण्यातले मासे घेऊन पहिली टाकी लावायला काही हरकत नाही. निम्मे धडे तीही देते.

टाकीत दोष नाहीत असं नाही. अ‍ॅप्टेशिया नावाची फुकटची फुलं मधूनमधून उगवतात, एक चिरडलं की त्याच्या तुकड्यांतून अनेक होतात. पेपरमिंट कोळंबी ती खाते, कधी खाते, कधी नाही. पण माझी खरी तक्रार उजव्या बेटाबद्दल आहे. तिथल्या माँटिपोरा या प्रवाळाचं पान ताटाएवढं रुंद झालं आहे. त्याच्या सावलीत खालच्या फांद्या पांढऱ्या पडत आहेत, मागचा प्रवाह अडला आहे आणि वाळूच्या वाटेचं वळण झाकलं गेलं आहे. ते करवतीने अर्धं कापावं, तुकडे क्लबात वाटावेत, असं मी मागच्या खेपेला सुचवलं. तो म्हणाला, “अरे, त्याच्याखाली मँडरिन राहतो.” मँडरिन हा मासा दिवसभर दगडांवरचे सूक्ष्म कोपेपॉड टिपून जगतो, जुन्या, थोड्या मळलेल्या टाकीतच तो तग धरतो. मी म्हटलं, मँडरिन दुसरी सावली शोधेल, फांद्यांना पाय नाहीत. त्याने करवत काढून ठेवली आहे, पण पान अजून कापलेलं नाही.